हात काढायची सवय

शिलाई मशीनचं पॅडल दाबायच्या आधी दिव्यानं दोन्ही हात वर उचलले आणि गोधडीवरची रेघ पुन्हा वाकडी गेली.

"सारखी हात का उचलतीस गं?" खाली जमिनीवर बसलेल्या अंबूबाई म्हणाल्या. सुनेनं शिवायचं आणि सासूनं उसवायचं, असं सकाळपासून चाललं होतं. ही सातवी रेघ. "हात सोडलास तर कापड जाणारच की."

"कळतंय मला, आत्या. हातांना कळत नाही."

कळणार कसं? चाकणच्या एका छोट्या कंपनीत सहा वर्षं पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर त्याच हातांकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती. पत्रा ठेवायचा, हात बाहेर काढायचे, मग पायानं पॅडल दाबायचं. दिवसाला दोन हजार वेळा. एवढ्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर देव तरी पावला असता. गेल्या दिवाळीआधी, ओव्हरटाइमच्या चौथ्या तासाला, एकदाच पाय आधी गेला आणि हात मागे राहिला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. कागदावर लिहिलं गेलं, कामगाराचा निष्काळजीपणा.

आणि शिलाई मशीनचं सगळंच उलटं. इथं हात सुईजवळ ठेवायचे आणि ते तिथं असतानाच पाय दाबायचा.

आज ते जमायलाच हवं होतं. संत तुकाराम नगरच्या अरुंधती मॅडम बायकांकडून बाळांच्या गोधड्या शिवून घेत. पाच वाजता त्या काळेवाडीत, दिव्याच्या घरी, नमुना बघायला येणार होत्या. पसंत पडला तर बारा महिने घरबसल्या काम, आणि मग दिव्याच्या नवऱ्याला, गणराजला, त्या प्रेसवर जावं लागणार नव्हतं. त्याचं कंत्राट संपून दोन महिने झाले होते. दिव्याच्या जुन्या साहेबांनी निरोप पाठवला होता, बाईची जागा रिकामी आहे, नवऱ्याला लावून द्या. मोठ्या मनाचा माणूस. बोटं घेतली, पण नोकरी घरातल्या घरात ठेवली. सकाळी बाहेर पडताना गणराज म्हणाला होता, "संध्याकाळपर्यंत थांबतो. मॅडम हो म्हणाल्या तर साहेबांना नाही सांगून टाकतो."

"सरक जरा," अंबूबाई गुडघ्यावर हात देत उठल्या. "मी धरते कापड. तू निस्ता पाय दाब."

त्यांनी आपले हात सुईच्या दोन्ही बाजूंना ठेवले. दिव्याचा पाय पॅडलवर होता. तो खाली जाईना. तिच्या कपाळावर घाम आला.

"दाब की."

"आधी हात काढा, आत्या."

"हात काढल्यावर शिवायचं कसं?"

"काढा म्हणते ना!"

लग्नाला सात वर्षं झाली होती, आजवर सासूवर तिनं कधी आवाज चढवला नव्हता. अंबूबाईंनी हात काढले आणि उगीचच पदराला पुसले. त्यांना राग आला नव्हता. काय झालं ते त्यांना कळलं होतं, आणि म्हणून जास्तच वाईट वाटलं होतं.

मग त्या म्हणाल्या, "पाय राहू दे. चाक हातानं फिरव. एकेक टाका घाल आन् सुईकडं बघ. जिथं उतरायचं तिथंच उतरती का न्हाई ती?"

दिव्यानं उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी चाक फिरवलं. डावा हात कापडावर. सुई खाली गेली, वर आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. बोटापासून दोन इंचांवर, तिथंच, दरवेळी. एक रेघ व्हायला अर्धा तास लागला. दुसऱ्या रेघेला तिनं पाय टेकवला. हात उचलायला निघाले आणि कापडावरच राहिले. मोटर हळूच गुरगुरली. खडूच्या रेघेवरून टाके सरळ गेले.

मग ती थांबलीच नाही. मधून सुरू करून काठाकडे, रेघेला रेघ लावत, चार वाजेपर्यंत गोधडी पुरी झाली. कुठं चुणी नाही. दिव्याला इतका आनंद झाला की ती अंबूबाईंच्या गळ्यात पडली. अंबूबाई म्हणाल्या, "बास, आता मॅडमला चहा ठेवू."

आधण ठेवलं तेवढ्यात गणराज आला. हातात पेढ्यांचा पुडा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत निळा युनिफॉर्म.

"लागलो," तो म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत थांबणार होतात ना?"

"साहेबांनी दुपारीच बोलावलं. म्हणाले, आत्ता हो म्हण, गेटवर दहा जण उभे आहेत. तुझं जमतंय की नाही, कुणाला माहीत होतं?"

तिनं गोधडी त्याच्यापुढे धरली. त्यानं टाक्यांवरून बोट फिरवलं. "झकास झालंय की गं. आता तर दोन्हीकडून कमाई चालू." तो मनापासून म्हणाला.

"हात आत असला की मशीन थांबवतो, तो सेन्सर बसवला का तिथं?"

"बसवलाय ना. तुझ्या त्या प्रकारानंतर लगेच बसवला." त्यानं पुडा सोडून एक पेढा तिच्या हातावर ठेवला. "बंद असतो. चालू ठेवला तर माल निघत नाही म्हणतात."

अंबूबाई गॅस बंद करून बाहेर आल्या. पेढा दिव्याच्या हातात तसाच होता.

"अगं, अवघड काही नाही त्यात. आजच चालवून बघितलं, अर्ध्या तासात हात बसला माझा," गणराज म्हणाला. दोन महिन्यांनी त्याचा चेहरा असा उजळला होता. "साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, बायकोपेक्षा लवकर शिकला."