शनीपर्यंतची चक्कर

देऊळघाटच्या शालिग्रामच्या वांग्याच्या वावरात एका सकाळी अंतराळयान उतरलं. तीन डोळ्यांचा चालक काळीपिवळीवाल्यासारखा दाराला लटकून म्हणाला, "शनीपर्यंत चक्कर, संध्याकाळी परत. दोन सीटा रिकाम्या हायेत. घरच्याइले बी घ्या."

त्याची बायको पुष्पाबाई हाकेच्या अंतरावर भेंडी तोडत होती. पण ती आधी घरी जाऊन लुगडं बदलणार, म्हशीला पाणी दाखवणार, वरून शंभर प्रश्न विचारणार. शालिग्राम एकटाच चढला.

मंगळाच्या पुढं यान बंद पडलं, तेव्हा चालकानं दिलेला फुगीर पोशाख चढवून शालिग्रामनं बाहेर जाऊन धक्काही मारला. मग शनीची कडी आली, इतकी जवळ की त्यांचा पिवळा उजेड त्याच्या मांडीवर पडला.

"पाह्य वं, पुष्पा," तो बाजूला वळून म्हणाला. बाजूला कोणी नव्हतं.

घरी आल्यावर, बायको हसण्यावारी नेईल या भरवशावर त्यानं प्रवासाची हकीकत सांगितली. पुष्पाबाई हसली नाही. भाकर थापता थापता तिनं ऐकून घेतलं, कडी कशी दिसतात ते दोनदा विचारलं. मग तव्यावरची भाकर उलटत म्हणाली, "एकच सीट असन त्यात. नाहीतं तुमी मले टाकून गेले नसते."

"हाव, एकच होती," शालिग्राम म्हणाला.