पहिलं आलेलं घर

विजेची बचत करणाऱ्या घरांना तारे कशावरून द्यायचे, यावरून खात्यात चांगलीच जुंपली होती. इंजिनियर बाई म्हणत होत्या, घरोघरी जाऊन भिंती, खिडक्या, छप्पर तपासा. साहेबांनी त्यांना उडवूनच लावलं. "अहो बाई, कुणाच्या घरात डोकावायचंच कशाला? बिल बघायचं. वीज कमी जळली, की घर चांगलं. विषय संपला!"

अर्थात साहेबांचंच चाललं. हिवाळा सरता सरता कॉम्प्युटरनं गेल्या महिन्याच्या बिलांवरून शहरातलं पहिलं आलेलं घर शोधून दिलं आणि पत्ता वाचून साहेब खुर्चीतून ताडकन उठलेच. "अरे, हे तर आमच्या आईचं घर!"

"वा साहेब, बक्षीस घरातच!" मागून कुणीतरी चिमटा काढला.

तरीही साहेबांची छाती फुगली. "एकटी राहते, पण काटकसर बघा! एवढ्या कडाक्यात हीटरला हात लावला नाही म्हातारीनं." ताऱ्यांच्या या धावपळीत महिनाभर तिला साधा फोन करायलाही त्यांना सवड झाली नव्हती. आता मात्र सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्यांनी स्पीकर लावून फोन केला. रिंग वाजत राहिली. "कानानं कमी ऐकते हो," साहेब हसत म्हणाले आणि त्यांनी पुन्हा नंबर फिरवला.

इंजिनियर बाई मात्र हसत नव्हत्या. त्या पडद्यावरचे आकडे परत परत बघत होत्या.

"साहेब, एवढी वीज तर नुसता फ्रिज खातो. महिनाभर त्या घरात साधा दिवासुद्धा कुणी लावलेला नाही."