वजन बरोबर, जागा चूक

"एका पिंपासाठी एवढी गर्दी!" साहेब सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले.

क्रेनच्या आकड्याला लटकलेली नारिंगी पाणबुडी दगडखाणीच्या तळ्यावर हळूहळू गोल फिरत होती. साहेब जहाजांच्या गोदीत मुख्य अभियंता होते. निवृत्तीनंतरही घरीदारी त्यांना साहेबच म्हणत. दुसरं काही म्हणायची त्यांनी सोयच ठेवली नव्हती. आणि पाणबुडी बांधली होती त्यांच्या मेहुण्याने. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या कानांवर काड्या अडकवायच्या आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये लोखंड ठोकत बसायचं. साहेब त्याला तोंडावर 'काचवाला' म्हणत. तो हसायचा. त्या हसण्याचीही साहेबांना चीड होती. ज्याला अपमान कळत नाही, त्याला पाण्याचा दाब काय कळणार?

महिन्यापूर्वी तो आराखड्याची गुंडाळी काखोटीला मारून घरी आला होता.

"भाऊजी, तुमची एकदा नजर फिरली की मी निर्धास्त झालो."

साहेबांनी त्याला चहा संपेपर्यंत ताटकळत ठेवलं. मग नाक मुरडत कागद उलगडला, आणि त्यांना रागच आला. कारण हिशेब चोख होता. पाणबुडी जेवढं पाणी बाजूला सारणार, नेमकं तेवढंच तिचं वजन भरत होतं. टाक्यांत पाणी घेतलं की ती तळाला जाणार नव्हती, उसळून वरही येणार नव्हती. सोडाल तिथे पाण्यात स्थिर राहणार होती. काचवाल्याकडून एवढी अपेक्षा नव्हती.

मग त्यांना बॅटऱ्या दिसल्या, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

तळाशी ओल धरेल म्हणून पठ्ठ्याने त्या जडशीळ बॅटऱ्या बैठकीच्या मागे, डोक्याच्या उंचीवर चढवल्या होत्या. वजन किती ते त्याने मोजलं होतं, ते कुठे आहे याचा विचारच केला नव्हता. वर तरंगत असेपर्यंत बाजूच्या टाक्या तिला सावरून धरणार. पण पुरती पाण्याखाली गेली की जड बाजू खाली आणि हलकी बाजू वर. पाणबुडी सरळ पालथी होणार. गोदीतलं शेंबडं पोरही सांगेल.

"कसं वाटतंय, भाऊजी?"

"छान आहे," साहेब कागद गुंडाळत म्हणाले. "कर तुझ्या मनासारखं."

मेहुण्याचा चेहरा उजळला. साहेबांनी त्याच्या कामाला पहिल्यांदाच बरं म्हटलं होतं. तो घरभर सांगत सुटला.

साहेबांनीही मनाची समजूत घातली. तळं म्हणजे काही समुद्र नव्हे. दोर बांधलेला असेल, लोक ओढून काढतील. नाकातोंडात चार घोट पाणी जाईल, चारचौघांत फजिती होईल आणि घरातलं हे खूळ एकदाचं थांबेल. घरातलं म्हणजे मुख्यतः बायकोचं. आई गेल्यावर या धाकट्या भावाला तिनेच लहानाचा मोठा केला होता. त्याने पत्र्याला बाक दिला तरी तिला कोण कौतुक! साहेबांनी आख्खी जहाजं पाण्यात सोडली, तेव्हा तिच्या तोंडून कधी कौतुकाचा एक शब्द निघाला नव्हता.

पाणबुडी पाण्याला टेकली. काठापासून तिच्या झाकणापर्यंत फळी टाकली गेली. साहेब घडीच्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसले. मेहुण्याने शिशाच्या दोन विटा उचलून आत ठेवल्या.

"आता विटा कशाला?" साहेब हसले. "भीतीने वजन उतरलं वाटतं!"

"माझ्यासाठी नाहीत, भाऊजी. ताई माझ्यापेक्षा हलकी, ती तूट भरून काढतोय. पहिली बुडी ताईची. मी आधी नकोच म्हणत होतो. पण तुम्ही छान म्हणालात, मग भीती कसली?"

साहेबांनी मान वळवली. बायको फळीवरून पुढे गेली होती. केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर शाळकरी मुलीसारखं लाजरं हसू. तिने एक पाय आत टाकला.

साहेबांची खुर्ची मागे कलंडली. पालथ्या पाणबुडीचं झाकण खाली जातं. दोर ओढला तरी ती पालथीच वर येते. माणूस आत डोक्यावर उभा, आणि बॅटऱ्यांतलं ॲसिड त्याच्या तोंडावर. हे त्यांना आत्ता सुचलं नव्हतं. हे त्यांना महिनाभर माहीत होतं.

"उतर! आधी उतर खाली!" बुटांसकट पाण्यात शिरत ते ओरडले. "उलटेल ती! बॅटऱ्या वर आहेत, पाण्याखाली गेली की पालथी होईल!"

मेहुण्याने झाकणातून वाकून बॅटऱ्यांकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. मनातल्या मनात तो काहीतरी जुळवत होता. मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो धडपडत पाण्यात उतरला आणि त्याने साहेबांचे दोन्ही हात धरले.

"केवढा अनर्थ टाळलात, भाऊजी! माझ्या डोक्यातच आलं नाही. बरं झालं, तुमच्या वेळेवर लक्षात आलं."

साहेबांना हात सोडवून घेता येईनात. बायको त्यांच्याकडे बघत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्या नजरेला नजर देणं त्यांना पहिल्यांदाच जमलं नाही.

तिने पाय बाहेर काढला आणि फळीवरून चालत ती काठावर आली.

"आत्ता नाही रे लक्षात आलं," ती भावाला म्हणाली. "तू आत बसणार होतास, तोवर ती उलटणार नव्हती."