व्यासपीठाची उंची

लेकाला माती दिली त्या दिवशी सुताराची मान खाली गेली, ती वर आलीच नाही. चर्चच्या पहिल्या बाकावर बसून तो आपल्या बुटांकडे बघत उपदेश ऐकायचा.

पाळकसाहेबांनी त्यालाच व्यासपीठ कापायला लावलं. दर रविवारी म्हणायचे, "अजून वीतभर खाली घे, गड्या."

"साहेब, आता नुसती फरशी उरली."

"मग फरशी उखड, खड्डा खण!"

लोक म्हणाले, पाळकांना भ्रम झाला. सुताराने साहेबांच्या गळ्याइतकं खोल खणलं.

रविवारी पाळकसाहेब खड्ड्यात उतरून उपदेशाला उभे राहिले, आणि सुताराच्या बुटांपुढे त्यांचं तोंड आलं.

"दिसलो का रे एकदाचा?"

सुतार खुदकन हसला. "वर या साहेब, सर्दी होईल," म्हणत त्याने हात दिला.

ताडमाड पाळकसाहेब जसजसे वर आले, तसतशी त्यांच्या तोंडाकडे बघणाऱ्या सुताराची मानही वर येत गेली.