सुतारकाकांचं 'हो'

लकवा मारल्यापासून सुतारकाका कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर देत. जेवलात का? हो. उपाशी आहात का? हो. स्पीच थेरपी शिकणाऱ्या मुलीने त्यांना दोन दिवस तपासलं आणि अहवालात लिहिलं, 'पेशंटला बोललेलं समजत नाही.' हे ऐकल्यापासून काकूंनी नवऱ्याशी बोलणंच सोडलं होतं. त्या गुपचूप उशी सारखी करत आणि बाहेर जाऊन बसत.

तिला शिकवणाऱ्या मॅडमनी अहवाल वाचून एवढंच विचारलं, "कशावरून?"

मुलगी मनातल्या मनात चिडली, पण परत खाटेपाशी जाऊन बसली. या वेळी तिने लिहायला कागदच घेतला नाही. काकांवरची नजर न हलवता तिने विचारलं, "काका, तुम्ही शिंपीकाम करायचात ना?"

"हो," काका म्हणाले. पण मान मात्र ठामपणे नाही म्हणाली.

"मग सुतारकाम?"

"हो." आता मानही हो म्हणाली आणि काकांचे डोळे भरून आले.

मुलगी आधी काकूंना आत घेऊन आली, मग धावत मॅडमकडे गेली. "त्यांना कळतंय! फक्त जीभ दगा देतेय. तुम्हाला आधीच माहीत होतं ना?"

"कुठलं माहीत!" मॅडमनी आपली वही उघडली. "सोमवारी मीही हेच लिहून बसले होते. मनाला पटेना, म्हणून तुला विचारलं."

आणि तिच्यादेखत त्यांनी स्वतःची ओळ खोडली.