बाद होण्याचं कारण

लग्न झाल्यापासून काका रस्त्यानं कायम काकूंच्या दहा पावलं पुढे. बाजार असो की दवाखाना, मागे वळून बघणं त्यांच्या गावीही नव्हतं. हातातल्या पिशव्या सांभाळत त्यांना गाठता गाठता काकूंचा दमसास मात्र चांगला तयार झाला, आणि त्याच जोरावर त्या साठीनंतर पोहायला शिकून ज्येष्ठांच्या शर्यतीत उतरल्या.

शर्यत सुरू झाली आणि काकांना काय झालं कोण जाणे. खुर्ची सोडून ते तलावाच्या काठाकाठानं, काकूंच्या शेजारून चालायला लागले. "चल, चल, हात जरा लांब टाक," असं म्हणत, काकूंच्याच वेगानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पंच हातानं थांबा थांबा म्हणत होते, पण काकांची नजर पाण्यावरून हलेना.

काकू पहिल्या आल्या. लगेच माइकवर आवाज आला, "चौथ्या लेनमधल्या बाई बाद. त्यांचे यजमान शर्यतभर काठावरून त्यांच्या बरोबरीनं चालत होते. अशी मदत नियमात बसत नाही."

आता आपली काही धडगत नाही, अशा चेहऱ्यानं काका टॉवेल घेऊन उभे राहिले. काकूंनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि ओल्या पायांनी तडक पंचांचं टेबल गाठलं.



"निकाल मान्य आहे, साहेब. फक्त ते कारण माइकवर आणखी एकदा सांगा. वर माझ्या दोन्ही जावा बसल्यात, नुसतं मी सांगून त्यांना पटायचं नाही."