खांद्याचं देणं

घरातली प्रार्थना आटोपली आणि फिनलेची शवपेटी बाहेर आली. रस्त्यावर स्वयंपाकघरातल्या खुर्च्या मांडून त्यांवर लांब दांड्यांची लाकडी तिरडी ठेवली होती. पेटी तिच्यावर चढवली. बायका फाटकाशीच थांबल्या. पुरुष दोन रांगांत उभे राहिले. रांगा तरी कसल्या म्हणायच्या, अर्ध्या गावाच्या घरांना कुलपं. स्कॉटलंडच्या लुईस बेटावरचा वारा, त्यात टोप्या हातात धरूनच उभं राहावं लागत होतं.

म्हातारा टॉर्मड काठी टेकत आला, तो थेट रांगेच्या तोंडाशी.

"ए टॉर्मड, तू गाडीत जाऊन बस," शेजारचा अँगस म्हणाला. "आधीच माणसं थोडी. तूही आडवा झालास तर तुला उचलायला आम्ही आणायची कुठून?"

"तूच बस. निदान रस्ताभर तोंडाची वाफ तरी दवडणार नाहीस."

दोघं-चौघं हसले. मयताला हसू नये म्हणतात, पण फिनले असता तर सगळ्यात मोठ्याने तोच हसला असता.

गावाचा रिवाज साधा आहे. रांगेतले दोघे पुढे होऊन दांडीखाली खांदा देतात, थोडं चाललं की मागच्या जागेवर सरकतात, आणि शेवटी बाजूला होतात. सगळ्यांचा खांदा लागतो, कुणा एकाला भार होत नाही. पुलाशी गाडी उभी असते, ती पुढे दफनभूमीपर्यंत नेते.

फिनलेचा मुलगा रुअरी टॉर्मडजवळ आला. "काका, कमरेचा सांधा बदललाय तुमचा. डॉक्टर पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नाही. नुसते सोबत चला. बाबा काही म्हणणार नाहीत."

"तो कधी काही म्हणालाच नाही रे. तेच तर खातंय मला."

"काका..."

"माझा कॅलम बुडाला तेव्हा मी कुठे होतो? चिलीच्या समुद्रात, जहाजावर. तार हातात पडली तोवर पोराला माती देऊन झाली होती. बापाची जागा डोक्याशी. तिथे तुझा बाप उभा राहिला. लोक म्हणाले, सरक, आमचाही खांदा लागू दे. हा पुलापर्यंत हलला नाही. रिवाज मोडला, पण बापाची जागा रिकामी ठेवली नाही त्याने."

"ठाऊक आहे मला. पण किती वर्षं झाली! ते देणं आम्ही सोडलं समजा."

"तू कोण सोडणारा?" म्हातारा कडाडला. "तुझं होतं का ते?"

रुअरीचं तोंड उतरलं. टॉर्मडलाही वाईट वाटलं. आज बाप गेलाय याचा. आवाज खाली आणून तो म्हणाला, "पुलापर्यंत नाही जमायचं मला. माझ्या वाट्याची पावलं तेवढी टाकू दे."

"या मग," रुअरी म्हणाला. "मी तुमच्या मागे राहतो."

टॉर्मडने काठी अँगसकडे दिली. अँगसने ती काखेत धरली. तिरडी उठली. टॉर्मडने दात आवळले, डोळे मिटले, पाय रोवला आणि वजनाची वाट पाहिली.

वजन आलंच नाही.

एक पाऊल टाकलं, मग दुसरं. दांडी नुसती कोटाला घासत होती. फिनले म्हणजे चांगला दणकट गडी, मेंढा काखेत मारून चालणारा. क्षणभर म्हाताऱ्याला वाटलं, देवानेच बळ दिलं. मग त्याला मागून धाप लागल्याचा आवाज ऐकू आला. त्याने मान वळवली. रुअरीने दोन्ही हातांनी दांडी वर उचलून धरली होती. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा तटतटलेल्या. शेजारच्या रांगेतले सगळे बघत होते आणि न बघितल्यासारखं करत होते.

टॉर्मडच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरं चांगली होती. चांगुलपणानेच लुटत होती त्याला.

"खाली घे रे," तो म्हणाला.

"काय काका?"

"दांडी खाली घे. माझ्यावर येऊ दे."

"नका ना. पडाल."

"रुअरी, पोरा, एवढं तरी नको रे हिरावून घेऊ."

थोडी पावलं तशीच गेली. मग रुअरीने हात हळूहळू सैल केले.

दांडी टॉर्मडच्या खांद्यात रुतली. कमरेतून कळ निघाली ती थेट टाचेपर्यंत. तो एका बाजूला कलला, तसा अँगस काठी घेऊन धावत पुढे आला. म्हाताऱ्याने मानेनेच त्याला मागे सारलं. गाल पेटीच्या लाकडाला टेकला होता.

"आलास का रे, फिनले," तो हळूच म्हणाला, आणि चालू लागला.